अनुभवाचा रकाना

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

इथे बहारीनला, मनामात आज माजी सैनिकांचा मेळावा झाला. आर्मी डे बुधवारी येतो, त्या दिवशी कुणाला सुट्टी नसते, म्हणून आधीच उरकून घेतला. हे गेल्यापासून मी पहिल्यांदाच गेले. गेल्या वर्षी साडी नेसून दारापर्यंत गेले होते आणि परत फिरले. यंदा गेले ती भाषणासाठी. पुण्याचे एक डॉक्टर पडद्यावरून बोलणार होते. विषय होता, फौजेतून बाहेर पडलेल्या माणसांची दारू.

हॉलमधली निम्मी माणसं माझ्या ओळखीची. मीना सलमान बंदरातल्या गोदामांवर पहारा करणाऱ्या चौदा जणांचे डबे माझ्याकडून जातात. सगळे फौजेतून पेन्शन घेऊन इकडे आलेले. हे त्यांचे सुपरवायझर होते.

भाषण संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. कुणीच हात वर करेना. मग मी उठले. म्हटलं, "फौजी माणसाची दारू सोडवायचं काम करायचं असेल तर काय शिकावं लागतं?"

त्यांना वाटलं मी मुलासाठी विचारतेय. नीट समजावून सांगितलं. आधी मानसशास्त्राची पदवी, मग दोन वर्षं पुढचं शिक्षण, मग व्यसनाच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण, मग जाणत्या माणसाच्या हाताखाली शेकडो तास काम, आणि ज्या देशात करायचं तिथला परवाना. शिवाय फौजेतलं आयुष्य ठाऊक पाहिजे, नाहीतर ही माणसं तोंड उघडत नाहीत.

"मुलगा कितवी झालाय?"

"मुलगा नाही, मीच. दहावी झालेय. तीही अडतिसाव्या वर्षी, सतरा नंबरचा फॉर्म भरून."

मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, वहिनींची डिग्री घरातच झालीय." सगळे हसले. मीही हसले. खोटं काय होतं त्यात.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, पुण्याची एक संस्था साहाय्यकांचा सहा महिन्यांचा वर्ग घेते, मराठीतून, फोनवर. दहावी चालते, पण घरातला अनुभव लागतो. मी नाव लिहून घेतलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या डब्यांत दोन दोन घातल्या.

फॉर्म आला. नाव, वय, शिक्षण हे सोपं होतं. शेवटचा रकाना मोठा होता, 'व्यसनाचा आपला अनुभव'. तीन वेळा कच्चं लिहिलं. शेवटी असं लिहिलं:

"माझे यजमान कै. हवालदार शरच्चंद्र यांना फौजेत असल्यापासून दारू होती. इथे आल्यावर वाढली. रोज एक बाटली लागायची. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवजयंतीला मी त्यांचा हात मुलीच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. त्यांनी ती पाळली. त्यानंतर थेंबाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी हृदय बंद पडून गेले, पण दारू सुटलेले गेले. मी माणसाची दारू सोडवली आहे, हाच माझा अनुभव."

निधीला टाइप करायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"हे असंच पाठवायचं?"

"चुकलंय का काही?"

"शुद्धलेखन ठीक आहे." मग म्हणाली, "आई, तू दुसरं काहीतरी कर ना. बेकिंगचा क्लास लाव. मी फी भरते. हा कोर्स खूप डिप्रेसिंग असेल."

म्हटलं, मी केक करून कुणाचं काय सुटणार आहे. ती उठून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ वाहत होता. टाइप मात्र करून दिलं. पोरीला लाज वाटत असणार. बँकेत काम करते, बाप दारुडा होता हे कागदावर आलेलं तिला नको असेल.

२६ जानेवारी

मुलाखत झाली. कश्मिरा मॅडम म्हणून आहेत, त्या वर्ग घेतात. पारशी असाव्यात, पण मराठी बोलतात ती पुणेरी. मी शाळेतल्यासारखी ताठ बसले होते.

त्यांनी विचारलं, "शपथेच्या आधी किती वर्षं पीत होते?"

"वीस तरी. शेवटची सहा रोज."

"आणि शपथेच्या दिवशी एकदम बंद?"

"एकदम. फौजी माणूस, दिला शब्द पाळला."

"गेले ते शपथेनंतर चौथ्या दिवशी?"

"हो. हार्ट."

पडद्यावर मॅडम हलेनात. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाल्या, "रखमाताई, मी तुम्हाला घेते. पण या चार दिवसांवर आपण पुन्हा बोलू. पाचवा पाठ होऊ दे. तोपर्यंत कुणालाही काही सल्ला द्यायचा नाही. बारा पाठ होईपर्यंत फक्त ऐकायचं. हा वर्गाचा नियम आहे."

घेतलं मला. पन्नाशी उलटल्यावर शाळेत नाव लागलं. ह्यांच्या फोटोला सांगितलं.

७ फेब्रुवारी

फोनवर वाचून डोळे दुखतात, म्हणून निधी ऑफिसातून पाठ छापून आणते. चार पाठ झाले. शब्दकोश शेजारी घेऊन बसते. दुसऱ्या पाठात लिहिलंय, दारुड्याच्या घरचे लोक त्याच्याइतकेच दारूभोवती फिरतात. अगदी खरं. मी बाटलीला पेन्सिलनं खूण करायचे.

चौथा पाठ फौजींचा आहे. हुकूम मानायची सवय, झोप न लागणं, मेलेल्या सोबत्यांची नावं. वाचताना ह्यांच्याशी बोलल्यासारखं वाटलं. हे जिवंत असताना मला एवढं ठाऊक असतं तर.

१६ फेब्रुवारी

पाचवा पाठ मागितला तर निधी म्हणाली, ऑफिसचा प्रिंटर बिघडलाय. आज पाने आणली तर ती सहाव्या पाठाची. म्हटलं, मधला कुठाय? "तो नंतर देते गं. सिक्वेन्स काही इम्पॉर्टंट नसतो."

सहावा वाचायला घेतला. घरच्यांनी कसं बोलावं, त्याचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज दोन वर्षं झाली.

पातवडीचा रस्सा केला, ह्यांना आवडायचा. निधी सुट्टी असून सकाळीच ऑफिसला गेली. काम आलंय म्हणाली. घरात मी आणि फोटो.

ते चार दिवस आज लिहून ठेवते. कुणाजवळ बोललेले नाही.

पहिल्या दिवशी शपथ घेतल्यावर ह्यांनी स्वतः बाटली मोरीत ओतली. बुटांना पॉलिश केलं, नईम भागातल्या बाजारातून माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला. लग्नानंतर कधी आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हात असे कापायला लागले की कप बशीवर वाजायचा. मी हातानं चहा पाजला. घामानं तीन बनियन भिजले. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, भिंतीवर मुंग्या आल्यात, झाड. मुंगी एक नव्हती. मी झाडलं, त्यांच्या समाधानासाठी. मग सरहद्दीवरच्या पोस्टवर मेलेल्या सोबत्यांना हाका मारायला लागले. दुपारी माझं मनगट धरून म्हणाले, "रखमा, सुटली म्हण. एकदाच सुटली म्हण."

आमच्याकडे शपथ घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं, त्याशिवाय ती मोकळी होत नाही. पोरंटोरं खेळातसुद्धा हे पाळतात. शब्द न मोडता प्यायची वाट शोधतायत, हे मला कळलं. निधी शेजारी होती. ती रडत म्हणाली, "आई, म्हण ना." मी तिला बाहेर पाठवलं. ह्यांना म्हटलं, "नाही म्हणणार. एवढं काढलंत, अजून दोन दिवस काढा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाटली आणायची तर खाली उतरून दहा मिनिटांचं काम. गेले नाहीत. पोरीच्या डोक्याची शपथ होती.

चौथ्या दिवशी सकाळी झटके आले. हॉस्पिटलात नेईपर्यंत हृदय थांबलं.

लोक म्हणतात दारूनं गेला. मी प्रत्येकाला सांगते, दारू सुटली होती. मी बधले नाही म्हणून माझा माणूस दारुडा म्हणून गेला नाही. एवढा एकच मोठेपणा माझ्यापाशी आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नियम मोडला. मॅडमना कळलं तर रागावतील, पण झालं ते चांगलंच झालं.

मयुरेश म्हणून एक आहे. नाईक होता, जावळीकडचा, बेचाळीस वय. ड्यूटीवर झोपलेला सापडला, तोंडाला वास. कंपनीनं शेवटची ताकीद दिली. पुन्हा सापडला तर व्हिसा खलास, घरी. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी.

डबे न्यायला अर्शद आला, तोच सांगत होता. अर्शद म्हसळ्याचा, गोदामात क्लार्क आहे, त्याच्या पिकअपमधून डबे जातात. म्हणाला, "काकी, उद्यापासून रोजे. महिनाभर दारू मिळायची मुश्कील. सोडवायची तर हाच मोका. तुमी फौजींचा कोर्स करता ना, मग यल्ला, बसा गाडीत."

मी गेले.

मयुरेश खोलीत खाटेवर बसला होता. मला बघून उभा राहिला, जवळजवळ सलामच ठोकला. "काकू, तुम्ही कशाला आलात? भाजीत मीठ कमी होतं एवढंच बोललो होतो मी."

म्हटलं, मिठासाठी नाही आले. बायकोला व्हिडिओ लाव. त्यानं लावला. बायकोला सांगितलं, मुलीला पुढे घे. मुलगी दोन वेण्या घालून समोर बसली. मयुरेशला म्हटलं, ठेव हात तिच्या डोक्यावर. त्यानं फोनवर पंजा ठेवला.

"म्हण, आजपासून दारूला हात लावणार नाही. झोपेची गोळी नाही, नशेची कुठलीच गोष्ट नाही." गोळीचं मी मुद्दाम घातलं. हे मधून मधून दारूऐवजी गोळ्या घ्यायचे.

त्यानं शब्दन्‌शब्द म्हटलं. पलीकडून मुलगी ओरडली, "पप्पा, हात काढा, तुम्ही दिसंना झालाय."

सगळे हसलो. बायको पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, काकू, तुमचे उपकार.

येताना अर्शदला म्हटलं, फौजी आहे, पाळणार.

२ मार्च

पाचवा पाठ वाचला.

३ मार्च, सोमवार

काल त्या एका ओळीपुढे लिहिलं नाही. आज लिहिते, क्रमानं.

परवा वर्गात मॅडमनी पाचव्या पाठावर प्रश्न विचारले आणि मला एकही आला नाही. लाज वाटली. निधीला पुन्हा काय सांगायचं म्हणून अर्शदलाच पाठ फोनवर पाठवला, गोदामात छापून आण म्हटलं. काल सकाळी तो रिकामे डबे घेऊन आला, त्यावर पाने ठेवली होती.

एक डबा जड लागला. उघडला तर परवाचं जेवण तसंच.

"हा कुणाचा?"

"मयुरेशचा. खात नाय कालपासून. पण काकी, पक्का गडी आहे, दोन दिवस हात नाय लावला. हात असे थरथरतात की बटन लावता येत नाय. घाम तर विचारू नका. निघेल हळूहळू, इंशाल्ला."

मी ओट्यापाशी उभी राहून पहिलं पान वाचलं. पाठाचं नाव होतं, 'दारू अचानक बंद केल्यावर'. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर काय होतं, ते दिवसाप्रमाणे दिलं होतं. हात कापणं. घाम. मग नसलेल्या गोष्टी दिसणं, अंगावर, भिंतीवर किडे. मग झटके. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सर्वात जास्त धोका. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, अशा माणसाची दारू घरी, आपल्या मनानं, एकदम बंद करू नये. जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन सोडवली तर तो सहसा वाचतो.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं नाही. एकदाच कळलं.

अर्शद म्हणाला, "काकी, काय झालं? बसा." मी म्हटलं, गाडी काढ.

तो रोज्याचा, ओठ सुकलेले, तरी सिग्नलला हॉर्न मारत चालवत होता.

मयुरेश खाटेच्या कडेला ताठ बसला होता. डाव्या बाहीवरून काहीतरी झटकत होता. बाहीवर काही नव्हतं. मला ओळखलं, पण मधूनच मला मेजरसाहेब म्हणाला. हॉस्पिटलात चल म्हटलं तर म्हणे, पोस्ट सोडायची ऑर्डर नाही. मी म्हटलं, ऑर्डर आहे. अर्शदनं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं.

हॉस्पिटलात डॉक्टर सुहा म्हणून तरुण मुलगी होती, डोक्याला काळा रुमाल. अर्शद अरबीत सांगत होता. तिनं विचारलं, शेवटची दारू कधी? गुरुवारी. कुणी बंद केली?

अर्शद माझ्याकडे बघायला लागला. मी हिंदीत म्हटलं, "मैंने."

तिला हिंदी कळत होती. ती रागावली नाही. म्हणाली, आणलंत ते बरं केलंत. रात्रीपर्यंत थांबला असतात तर हा कदाचित गेला असता.

नर्सनं गोळी आणली. मयुरेशनं तोंड घट्ट मिटलं. नर्सनं समजावलं, अर्शदनं धमकावलं. तो डोकं हलवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, गोळीपण नाही म्हणाला होतात. पोरीच्या डोक्यावर हाताय माझा."

मी म्हटलं, "सुटली."

"तुम्ही म्हणून चालतं?"

"मी घातली, मीच सोडायची असते. सुटली, मयुरेश. पोरीला काही होत नाही."

"ज्यानं हुकूम दिला त्यानंच मागं घ्यायचा. बरोबर." आणि त्यानं तोंड उघडलं. मी पाण्याचा पेला धरला.

एवढंच होतं. एक शब्द, आणि एक घोट पाणी.

५ मार्च

मयुरेश शुद्धीवर आहे. खिचडी मागितली. माझ्या हातचीच पाहिजे म्हणाला, पण मीठ घालून.

मी खाल्लं नाही काही.

७ मार्च, शुक्रवार

निधीला आज सांगितलं. ती सुट्टीची घरीच होती. पाठाची पाने तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "हे वाच. तुझा बाप हार्टनं नाही गेला."

तिनं पानांना हातही लावला नाही.

"मला माहितीये, आई."

"काय माहितीये?"

"हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ड्रिंक करायचे का, कधी स्टॉप केलं. मी सांगितलं. ते म्हणाले, असं एकदम बंद करायचं नसतं. आधी आणलं असतं तर, असं म्हणत होते, मी म्हटलं प्लीज, आईला सांगू नका."

मी पाने गोळा करायला लागले.

"तू बाहेर बाकावर बसली होतीस. जो येईल त्याला सांगत होतीस, ह्यांची सुटली होती, चार दिवस हात लावला नाही. तुझ्याकडे तेवढंच होतं. मी काय सांगणार होते तुला?"

"म्हणून पाचवा पाठ छापला नाहीस."

ती म्हणाली, "प्रिंटर बिघडला नव्हता." मग म्हणाली, "आणि त्यामुळे तो मयुरेश अंकल..."

मी तिला जवळ घेतलं. दोन वर्षं ती या घरात माझ्यासमोर जेवत होती आणि हे पोटात ठेवून होती. मी समजत होते, बापाची लाज वाटते.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाबांनी मलासुद्धा म्हटलं होतं. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा. निधू, तू म्हण सुटली, डोकं तुझंय. मी म्हटलं, बाबा, आई रागावेल." चोवीस वर्षांची घोडी होते, आणि आई रागावेल म्हणाले, असं म्हणून ती जी रडायला लागली.

तिला म्हटलं, शपथ मी घातली होती. तुझं फक्त डोकं होतं. ते तिला पटलं की नाही, कळलं नाही. मला तरी दुसरं काही सुचलं नाही.

११ मार्च

कश्मिरा मॅडमना सगळं कळवलं होतं, मयुरेशचंसुद्धा. लपवण्यात अर्थ नव्हता. आज त्यांचा फोन आला.

मी आधीच म्हटलं, "मॅडम, माझा अनुभवाचा रकाना खोडा. मी कुणाची दारू सोडवलेली नाही."

त्या म्हणाल्या, "मुलाखतीत मला अंदाज आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाठाची वाट बघत बसले, ही माझी चूक. मला वाटलं, वाचून समजलं तर सोसेल."

मी म्हटलं, "वाचूनच समजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, रखमाताई. हे मी सांगणार, आणि ते खरं आहे. त्यानं तुमचं ओझं कमी होणार नाही, हेही मला माहितीये."

मला त्यांचं ते बोलणं बरं वाटलं. गेल्या आठ दिवसांत झोहरा सोडून दुसरं कुणी सरळ बोललं नव्हतं. झोहरा म्हणजे अर्शदची बायको. ती परवा इफ्तारची खजुरं घेऊन आली होती, म्हणाली, काकी, मी काय बोलू, मी नुसती बसते. आणि तासभर बसली.

मग मॅडमनी निर्णय सांगितला. नियम मोडून मी माणसावर प्रयोग केला, त्याचा जीव जाता जाता राहिला. या वर्गातून नाव कमी केलंय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. तोपर्यंत दर बुधवारी बायकांचा गट बसतो, नवरे गेलेल्यांचा, त्यात यायचं. शिकवायला नाही, शिकायलाही नाही. बोलायला.

म्हटलं, "बोलायला काही पात्रता?"

"आहे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

१२ मार्च

बुधवार. गटात गेले. फोनवर सहा चौकोन, सहा बायका. माझी पाळी आली. नाव सांगितलं. गाव सांगितलं. पुढे काही येईना. बाकीच्या म्हणाल्या, चालेल, पुढच्या बुधवारी.

२६ मार्च

आजही नाव आणि गाव.

२ एप्रिल

ईद झाली. अर्शदकडून शीरखुर्मा आला. मयुरेशला कंपनीनं दोन महिन्यांच्या रजेवर घरी पाठवलंय, औषधं बरोबर दिलीत. जाताना पाया पडला. म्हणाला, "काकू, तुमच्या शपथेनं वाचलो." मी म्हटलं, शपथेनं नाही रे, गोळीनं. त्यानं ऐकलं नाही. फौजी माणसाला गोळीनं वाचलो म्हणणं जड जातं, असं म्हणून स्वतःच हसला.

२० एप्रिल, रविवार

दुपारी पोळ्या लाटत होते. भारतातला नंबर. उचलला.

"शपथवाल्या काकू का तुम्ही?" बाईचा आवाज, माणदेशी. "जावळीच्या मयुरेशभाऊंनी नंबर दिला. आमचे हे सुभेदार होते. पाच वर्षं झाली, रोजची बाटली. त्यांना बसवलंय, पोराला पुढ्यात बसवलंय. फोन स्पीकरवर टाकलाय. तुम्ही घाला आता शपथ."

मागून पुरुषाचा आवाज आला, "घाला काकू, घाला. हिनं तीन घातल्या, एक लागू झाली नाही. तुमची फॉरेनची आहे, बघू."

पोरगं हसल्याचं ऐकू आलं.

मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "ताई, पोराच्या डोक्यावरचा हात काढायला सांगा आधी."

"का वो?"

"मी शपथ घालत नाही. तुम्हीही घालू नका. सातारला सरकारी दवाखान्यात न्या. रोज किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा. ते औषधं देऊन हळूहळू सोडवतील. घरी एकदम बंद करायची नाही."

"तुम्ही डॉक्टर हाय का?"

"नाही."

"मग कोर्स केलाय म्हणं फौजींचा."

"पाच-सहा पाठ झाले. मग नाव कमी केलं."

"आता गं बया," ती म्हणाली. खरंच चिडली होती. "ह्यो माणूस आज पहिल्यांदा माझ्यासमोर शपथेला बसलाय. उद्या बसंल का? तुम्ही डॉक्टर नाय, कोर्स नाय, आन मला सांगता थांब म्हणून. तुमाला कसं ठावं?"

बुधवारच्या गटात मला जे सहा आठवडे जमलं नाही ते मी तिथे पोळपाटापाशी उभी राहून सांगितलं. माझे यजमान हवालदार होते. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी हात कापले, तिसऱ्या दिवशी मुंग्या दिसल्या. मला म्हणाले सुटली म्हण. मी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी गेले. दारूनं नाही गेले, ताई. मी घातलेल्या शपथेनं गेले.

तव्यावरची पोळी जळून धूर झाला. गॅस बंद केला.

मग त्या माणसाचा आवाज आला, पण थट्टेचा नाही. "ऊठ रे तू, जा खेळायला." मग बायकोला म्हणाला, "सातारला उद्या जाऊ. माझं फौजेचं कार्ड काढून ठेव."

ती काहीतरी बोलली, रडत असावी. फोन त्यानं हातात घेतला. स्पीकर बंद झाला, आवाज एकदम जवळून आला.

"वहिनी."

"बोला."

"हवालदारांनी शपथ पाळली म्हणायची."

"हो," मी म्हटलं. "पाळली."